तुणतुण्याला लावलेला भोंगा

काल लेकीनं मोबाईलवर आफ्रिकेतली एक वरात दाखवली. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या ठोकलेलं वाद्य माणसं अंगठ्यांनी वाजवत होती. त्याला भोंगा जोडला होता आणि अख्खा रस्ता नाचत होता. तो खरखरीत, किंचित फाटलेला आवाज ऐकला आणि मी हसनाबादला, नणंदेच्या हळदीत जाऊन उभी राहिले.

माझ्या दिरानं, सुभाषनं, तुणतुण्याला माईक बांधून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भोंगा चालवला होता. त्याच आठवड्यात देवळाचा भोंगा गायब झाला होता. त्यामुळे तार कितीही झणझणली तरी कुणी नाचेना. सगळे भोंग्याकडंच बघत होते.

"कुठून आणला रे?" सासूबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"जालन्याहून, भंगारातून. बिलकुल खरं सांगून राह्यलो," भावजी म्हणाले. नजर मात्र खाली होती.

तेवढ्यात देवळाचं सगळं बघणारे आप्पा आले. गर्दी बाजूला झाली. आप्पांनी भोंग्यावरून हात फिरवला, आत वाकून पाहिलं, मग नवरीच्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"ह्यो आपला न्हाई. वाजव," म्हणाले, आणि स्वतःच नाचायला लागले.

तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता मात्र वाटतं, नवरीकडं पाहण्याआधीच आप्पांनी तो भोंगा ओळखला होता.