नळवाल्याची तिसरी वेळ

नळवाला कामाला चोख होता. त्याने बसवलेली तोटी कधी गळली नाही. अडचण एवढीच, की धंदा बसला की तो परक्या भिंतींवरच्या पितळी तोट्या काढून भंगारात घालायचा. तेही इतक्या सफाईने की भिंतीचा रंग उडायचा नाही. वर लोकांचं पाणी वाया जाऊ नये म्हणून तिथे स्वतः तासलेलं लाकडी बूच ठोकून यायचा. त्या बुचावरूनच पोलीस सरळ त्याच्या दारात येत.

स्वभावाने भिडस्त. नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा हवालदार म्हणाला, "अरे, शाळेतल्या तोट्यांचीही एक केस पडून आहे. चोर काही सापडत नाही. दोन्ही एकदमच कबूल कर. शिक्षा एकत्रच भोगायची, तुलाही हेलपाटे नकोत, मलाही."

शाळेत बूच नव्हतं, वर्गात घोट्याएवढं पाणी साचलं होतं. हे काम दुसऱ्याचं, हे हवालदारालाही कळत होतं. पण नळवाला म्हणाला, "बरं." एका सकाळी दोन गुन्हे कबूल झाले, दोन शिक्षा लागल्या, त्या एकदमच भोगत तीन महिने आत काढले, सगळे खूश.

पुढे वाचनालयातल्या तोट्या गेल्या आणि बुचं मागे राहिली. तेव्हा त्याला समजलं, की आधी दोनदा शिक्षा झालेल्याला तिसऱ्या वेळी सात वर्षांच्या खाली सोडायचं नाही, असा कायदा आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दरोडेखोर असावेत. पण तोट्या वगळा, असं कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

तुरुंगाचं त्याला फारसं वाटत नव्हतं. तिथे गळके नळ पुष्कळ, त्यामुळे त्याला मानही होता. पण सात वर्षं आई थांबणार नव्हती. तिच्या छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी आता गोळ्या बदलणंही सोडून दिलं होतं. तरी ती प्रत्येक तारखेला येऊन मागच्या बाकावर बसायची.

"दोन शिक्षा म्हणजे दोन," सरकारी वकील म्हणाले. "यात अर्थ काय लावायचा?"

"कायदा शिक्षा होऊनही न सुधारणाऱ्यासाठी आहे," नळवाल्याचे वकील म्हणाले. "पहिल्या आणि दुसऱ्या शिक्षेच्या मध्ये माझ्या अशिलाला सुधारायला वेळ मिळाला तो तेव्हाच्या न्यायाधीशांनी कागद उलटला तेवढाच."

नळवाला हळूच वकिलांच्या कानाशी लागला. "साहेब, ती शाळेतली मी केलीच नव्हती."

"आता ते उकरू नका. आपण तत्त्वावर बोलतोय."

मग त्याने न केलेली चोरी मोजायची की नाही, यावर शहाणीसुरती माणसं दोन तारखा घसा कोरडा करत राहिली. ती केली कोणी, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. तो प्रश्न कायद्याचा नव्हता.

अखेर न्यायाधीशांनी निकाल वाचला. एका बैठकीतल्या दोन शिक्षा ही एकच वेळ. सुधारायची संधी न देता माणूस सुधारला नाही, असं न्यायालयाला म्हणता येणार नाही. म्हणजे ही दुसरी वेळ. दीड वर्ष.

बाहेर गाडीपाशी आईने वकिलांना गाठलं. "आणि पुन्हा केलं तर?"

"मग खरी तिसरी, आजी. सात वर्षं. तेव्हा मीही काही करू शकणार नाही."

ती मुलाकडे वळली. "ऐकलंस? दीड वर्ष मी कसंही ढकलते. पण बाहेर आल्यावर हात शिवशिवले, तर माझ्या माघारी काय ते दिवे लाव. मी आहे तोवर नाही."

"बरं," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण आई, डॉक्टर काय म्हणाले? किती दिवस?"

"ते तुला कशाला सांगू?" आई म्हणाली. "तू दिवस मोजत बसशील."