प्लास्टिकखालची खुर्ची

पोषण आहाराचा तांदूळ पोचवायला मी दर महिन्याला खोडाळ्याजवळच्या एका शाळेत जातो. तिथले हेडमास्तर फार गोड माणूस. कधी आवाज चढत नाही, प्रत्येक मुलीला ते "ताई" म्हणतात. ऑफिसातली चाकांची खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसतात आणि वर पुन्हा प्लास्टिक घालतात. मला त्यांचं कौतुक वाटायचं.

परवा पायाने अधू असलेली पाचवीतली एक मुलगी ओल्या अंगणातून हातांवर सरपटत वर्गाकडे जाताना दिसली.

"सर, खुर्ची हिचीच ना?"

"हो, हिच्याच नावावर आलीय."

"मग?" पाठीवरची गोणी खाली ठेवायचंही मला सुचेना.

"अहो, ताईंचे हात बघा ना, सगळा चिखल," ते हळुवारपणे म्हणाले. "खुर्ची नाही का खराब होणार?"