फोनवर ‘हाँ’ कोण म्हणतंय?

काय झालं होतं ते विचारू नका... नाही, विचाराच! आमच्या शुक्लाजींनी ऑफिसभर केलंच आहे, निदान तुम्ही तरी माझ्या तोंडून ऐका.

मी लखनौत, हजरतगंजला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्या क्लाउडवर दुसऱ्या कंपन्या आपला माल ठेवतात. डेटा हो, बटाटे नव्हे! त्यांच्या प्रोग्रामरांना आम्ही तयार कोडचा एक संच देतो, त्याला म्हणायचं एसडीके. त्यात दुहेरी तपासणी बसवायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे काय, तर नुसत्या पासवर्डवर दार उघडायचं नाही. आधी मालकाच्या फोनवर विचारायचं, ‘क्या यह आप हैं?’ त्याने ‘हाँ’ दाबलं तरच आत. नाहीतर चालते व्हा!

झालं, कोड तयार. मी चोर बनले. स्वतःचाच पासवर्ड टाकला, फोन समोर ठेवला आणि हाताची घडी घालून बसले. मी ‘हाँ’ म्हणणारच नाही, बघू कशी आत जाते!

पडद्यावर झळकलं, ‘स्वागत है, मेघना जी.’

अहो, मी बोटसुद्धा लावलं नव्हतं!

पुन्हा केलं. पुन्हा स्वागत! चोराचं इतकं आदरातिथ्य लखनौतच व्हावं.

आता माझ्या कोडमध्ये चूक? छे! पलीकडची, सर्व्हरची बाजू शुक्लाजींनी लिहिलेली. मी भर मीटिंगमध्ये म्हटलं, “शुक्लाजी, गडबड आपके यहाँ है.”

बिचारे गृहस्थ पान बाजूला ठेवून कोड तपासायला बसले. ओळ न् ओळ तपासली. काही सापडेना. वर ही चूक भलतीच लहरी. जेवणानंतर दुपारी सगळं अगदी शहाण्यासारखं चालायचं, चोराला हाकलायचं. चहाच्या वेळेला पुन्हा स्वागत सुरू!

शुक्लाजी हताश होऊन म्हणाले, “मैडम, यह बग खाना खाकर सोता है.”

सगळे हसले. मीही हसले. तेव्हाच डोकं चालवायला हवं होतं!

ग्राहकाला दाखवायचा दिवस उद्यावर आला. ऑफिसमध्ये मन लागेना, म्हणून अलीगंजला घरूनच काम करत बसले. पुन्हा चोर झाले, पासवर्ड टाकला. तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला, ‘टिंग!’ आणि पाठोपाठ आमचे सासरे, “हाँ भई, हाँ!”

पडद्यावर ‘स्वागत है.’

मी बाल्कनीत धावले. बाबांचा फोन बादलीत पडला, तेव्हा मी माझा जुना फोन त्यांना दिला होता. त्यातलं तपासणीचं ॲप काढायचं राहिलं. आणि मालकाच्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकदम विचारायचं, ही हुशारीही माझीच!

“बाबा, तुम्ही ‘हाँ’ दाबताय?”

“मग? दिवसभर विचारतो बिचारा, क्या यह आप हैं. इतक्या अदबीने विचारल्यावर उत्तर न देणं बरं दिसतं का?”

“अहो, पण ते मला विचारतंय!”

“वर तुझं नाव असतं ना. म्हटलं, सुनेचं काम अडायला नको. दुपारी तेवढा डोळा लागतो, तेव्हा अडलं असेल तर सांग.”

रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते हो! आयुष्यभर गाड्यांना हिरवा सिग्नल दिलेला माणूस, लाल कशाला दाखवेल?

मी कपाळावर हात मारला. “बाबा, ते चोर असतात. यापुढे काहीही आलं तरी ‘नहीं’ दाबायचं. काहीही!”

“अरे बाप रे! आधी नाही का सांगायचं?”

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला, उद्याच्या तयारीचा. त्या धांदलीत जुन्या फोनवरचं ॲप काढायचं राहिलं ते राहिलंच. सकाळी सगळ्यांसमोर शुक्लाजींची माफी मागितली. ते म्हणाले, “कोई बात नहीं, अंकल को प्रणाम कहिएगा.”

ग्राहक कंपनीचे साहेब येऊन बसले. मी ऐटीत सांगितलं, “अब देखिए, असली मालिक कितनी आसानी से अंदर जाता है.” पासवर्ड टाकला, खिशातून फोन काढला, ‘हाँ’ दाबणार...

‘अनुरोध अस्वीकृत.’ म्हणजे विनंती फेटाळली!

नेटवर्कची भानगड असेल, म्हणून पुन्हा केलं. अस्वीकृत! तिसऱ्यांदा केलं, तर खातंच बंद. तीनदा नकार आला की कुलूप लावायचं, हेही मीच लिहिलेलं.

 तेवढ्यात माझा फोन वाजला. घाईत भलतंच बटण दाबलं आणि स्पीकर सुरू झाला.

“मेघना, सांभाळ गं!” बाबा धापा टाकत सांगत होते. “तुझं नाव सांगून कुणीतरी आत घुसायला बघतंय. मोठं निर्लज्ज आहे! तीनदा हाकललं तेव्हा कुठे गेलं!”

साहेबांना मराठी कळत नव्हतं, शुक्लाजींना मात्र माझ्या संगतीने थोडंफार कळायचं. त्यांनी विचारलं, “क्या हुआ?”

शुक्लाजींनी पान तोंडात टाकलं आणि शांतपणे म्हणाले, “कुछ नहीं सर, चोर पकड़ा गया. यहीं खड़ी हैं.”