ब्लोअरच्या खोलीतली हवा

वर्तकनगरच्या आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा युनियनचं काम करायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवरच. 'अपघात होत नाहीत, केले जातात' हे वाक्य मला पाढ्यांआधी पाठ होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटते.

कल्याणच्या एका गृहसंकुलात सांडपाण्याच्या टाक्यांत हवा सोडणारा ब्लोअर बसवायचा होता. हवा दाबली की तापते, तिच्यामुळे पाइपही तापतो. किती तापेल, वाटेत किती उष्णता निघून जाईल, हा हिशेब अभियंता म्हणून माझ्याकडे होता. ब्लोअर आत ओढतो ती हवा मी तीस अंशांची धरली. चालायच्या वाटेजवळ पाइपला उष्णता अडवणारं आवरण नको, असं लिहून सही केली.

प्लांट चालवणारे काका कोपरीचे. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मॅडम, तुमच्या कागदावर पाइप कोमट असेल. इथं त्यावर ठेवलेला माझा डबा दहा मिनिटांत वाफाळतो."

"मग घरी पण एक बसवून घ्या की, काका!" मी हसले.

आवाज होतो म्हणून रहिवाशांनी खोलीची दारं बंद ठेवायला लावली होती. आत भट्टी झालेली. ब्लोअर तीच तापलेली हवा ओढत होता. मला हे दिसत होतं. तीस अंशांचा आकडा बदलून पाहायला पाच मिनिटं लागली असती.

एके सकाळी झाडलोट करणाऱ्या ताई त्या वाटेवरच्या शेवाळावर घसरल्या आणि तोल सावरायला त्यांनी पाइप धरला. तळहाताची कातडी सोलून निघाली.

"हातमोजे नव्हते, एवढंच लिही," आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले. अहवालात मी लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. बाबांची हयात या शब्दाशी भांडण्यात गेलेली.

तिसऱ्या दिवशी नवा अहवाल पाठवला: हिशेब माझा चुकला, काकांनी सांगूनही मी तपासला नाही, ताईंचा दोष नाही. साहेब भडकले, पण पाइपला आवरण चढलं. सफाईच्या ठेकेदाराने मात्र पहिल्याच अहवालावरून ताईंना काढून दुसरी बाई ठेवली होती.

डोंबिवलीला त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन त्या ऐकत होत्या.

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नाही, ताई."

"मी तर सासूला सांगितलं, माझीच होती." मग त्यांनी विचारलं, "परत घेतील का?"

"तीनदा विचारलं. नाही म्हणतात."

"मग आधीच का नाही लिहिलंत?"

"नोकरी जाईल म्हणून घाबरले."

"तुमची राहिली ना?"

"राहिली," मी म्हटलं.