डिंकमास्तरांच्या तीन ओळी

“डिंकमास्तर पुस्तकांना चिकटतात, माणसांना नाही,” असे शेजारी म्हणत. ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करणाऱ्या या माणसाची नखे कायम डिंकाने माखलेली असत. पहाटे कामावर जाण्याआधी ते संगणकापुढे काय करतात, याची मात्र कोणालाच गंधवार्ता नव्हती.

त्यांची थोरली बहीण मूकबधिर मुलांची शिक्षिका. तिच्या शाळेत इंटरनेट धड पोहोचत नसे. खुणांच्या भाषेतले व्हिडिओ-धडे संगणकावर उतरवून घेता यावेत म्हणून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. धड्यांच्या संकेतस्थळाची रचना बदलली की प्रोग्राम अडे. मास्तर तो पुन्हा शिवत.

दुरुस्ती जमली की नाही हे तपासायला प्रोग्रामात काही व्हिडिओंचे पत्ते लिहून ठेवावे लागत. धडे आज असत, उद्या नसत. त्याच संकेतस्थळावरची गाजलेली गाणी कोण काढून टाकतो, म्हणून मास्तरांनी एका संगीत कंपनीच्या तीन गाण्यांचे पत्ते घातले.

नेमक्या त्याच तीन ओळी उतरवून ‘हे गाणी चोरायचे साधन आहे’ अशी कंपनीची नोटीस आली. तासाभरात सारा प्रोग्राम इंटरनेटवरून हटवला गेला. मास्तरांनी चूक कबूल केली, ओळी खोडल्या, उपयोग शून्य. वाद मिटेपर्यंत दुरुस्त प्रतही कोणाला द्यायची नाही, अशी ताकीद होती. पंधरवड्यात संकेतस्थळ पुन्हा बदलले आणि शाळेतली जुनी प्रत बंद पडली.

ताईचा फोन आला. “पोरं काळ्या पडद्याकडे बघत बसलीत रे. त्यांना काय सांगू?”

“थोडं थांब, ताई.”

वाटा दोनच होत्या. ‘हे साधन चोरीसाठीच केले’ असे लिहून दिले, तर कंपनी प्रकरण मिटवणार होती. प्रोग्राम मात्र कायमचा जाणार होता. नोटिशीला हरकत घ्यायची, तर खरे नाव-पत्ता देऊन कोर्टाची तयारी ठेवायची होती.

“मास्तर, ग्रंथालयाचं नाव कोर्टात नको,” ग्रंथपाल म्हणाले. “लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

मास्तरांनी हरकत घेतली. कंपनीने दावा लावला, नोकरी गेली. प्रोग्राम अजून बंदच आहे, शाळेतला पडदाही काळाच.

परवा जिन्यात शेजारच्या काकांनी त्यांना गाठले. “अहो, डिंक लावल्यासारखे अडून का बसलात? दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर हात झिजले असते का?”

मास्तर पायरीवरच थांबले.

“चूक केली, ती कबूल केली. चोरी केलीच नाही, तर लिहून काय देऊ?”