घरमालकीणबाईंचा नंबर

सरकारी संकेतस्थळावर मनापासून प्रेम करणारी या देशात एकच व्यक्ती होऊन गेली, आणि ती नागपुरात, मानेवाड्याला, माझी घरमालकीण होती. बाकीची माणसे ते पान नाइलाजाने उघडतात आणि पुटपुटत बंद करतात. आमच्या काकू ते पान उघडायचे त्या दिवशी सकाळची वंदना आटोपून, केसांना तेल लावून, इस्त्रीची साडी नेसून तयार होत. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "सरकारच्या दारात जायचं आहे. गाऊन घालून जाते का कोणी?" दार म्हणजे माझा जुना लॅपटॉप. पण त्यांच्या उत्साहापुढे तो खरोखरच मोठ्या कमानीचे दार वाटायला लागे आणि आपणही निदान शर्ट खोचून बसावे असे होई.

मी कुडाळकडचा. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून नागपुरात आलो आणि काकूंची वरची खोली भाड्याने घेतली. ओळखीचे कोणी नव्हते, आणि मी आपणहून ओळख करून घेणाऱ्यातलाही नव्हतो. कार्यालयातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले की नागपूरच्या पत्त्याचा दाखला आणा, आणि तो आता कचेरीत मिळत नाही, ऑनलाइन खाते उघडून काढावा लागतो. मी पडेल चेहऱ्याने घरी आलो आणि जिन्यात काकूंना हे सांगितले. त्यांनी हातातली परडी खाली ठेवून टाळीच वाजवली. "खातं नाही तुमचं? बाप्पा! मंग तुमी नागपुरात आलेच कुठं अजून? सामान आलं फक्त." नवा भाडेकरू आला की त्याचे खाते उघडून देणे हा त्यांचा धर्म होता. पाणी कधी येते, कचऱ्याची गाडी कधी येते, हे त्या नंतर सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्त्रीच्या साडीत वर आल्या आणि माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. आपण रोबो नाही अशी कबुली मागणारी चौकट आली तेव्हा त्यांना फार लागले. "पाहा, सकाळपासून तयार होऊन आलो आपण, अन् हा विचारून राहिला माणसं आहा का म्हणून!" पुढे वाहतुकीच्या दिव्यांची चित्रे ओळखा म्हणून आले, तर एकेका चित्राकडे चष्म्यातून बघत त्या म्हणाल्या, "हा आपल्या चौकातला नाही. हाही नाही. आपला बंद आहे." पत्ता सांगायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. घर क्रमांकाने घर सापडते यावर त्यांचा विश्वास नव्हता. नव्या माणसाच्या घरी पाहुणा आला, पोस्टमन आला, तर तो चुकता कामा नये. म्हणून त्यांनी सांगितले तसे मी लिहीत गेलो: पाण्याच्या टाकीच्या मागे, कडुनिंबासमोर, हिरवे फाटक, कुत्रे भुंकते पण चावत नाही. 'कुत्रे भुंकते' इथे सरकारची चौकट भरली. पुढची अक्षरे घेईना. काकू हळहळल्या, "मेन गोष्ट राहिली ना गा!" मी खोडायला निघालो तर त्यांनी हात धरला. अर्धे तर अर्धे, पण खरे आहे म्हणाल्या. माझ्या दाखल्यावर ते आजही तसेच छापलेले आहे. कार्यालयातल्या बाईंनी तो वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिले होते.

गुप्त प्रश्न आला. आवडता पदार्थ कोणता? मी सोलकढी लिहिली. काकूंना ते पटेना. "नागपूरचं खातं अन् सोलकढी? पाटोडी लिहा." मी म्हटले, मी अजून पाटोडी खाल्लेली नाही. "मंग थांबवा त्याले थोडं," असे म्हणून त्या खाली गेल्या. बेसन, खोबरे, मसाला यांचे वास येत राहिले. सरकारचे पान वाट पाहून पाहून बंद पडले, आणि मी घाम पुसत रस्सा संपवल्यावर आम्ही पहिल्यापासून सगळे भरले. या वेळी मी आपणहून पाटोडी लिहिली.

खरी गंमत त्यापुढे. कोकणातून आणलेले माझे सिमकार्ड त्या घरात शिरले की मान टाकत असे. त्यामुळे ओटीपी काही येईना. त्या घरात नेटवर्क एकाच फोनला आणि एकाच जागी मिळे, तो फोन काकूंचा आणि ती जागा स्वयंपाकघराची खिडकी, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी. इंटरनेटची तार मात्र आधीच्या कुणा भाडेकरूने वरच्या खोलीत घेतलेली. म्हणजे लॅपटॉप वर, फोन खाली आणि मध्ये जिना. "माझा नंबर टाका ना," काकू म्हणाल्या, "सगळ्यायचा तोच आहे." मला तेव्हा 'सगळ्यायचा' या शब्दाचा अर्थ कळला नाही. मी त्यांचा नंबर टाकला, त्या तुरुतुरु खाली गेल्या, आणि जिन्याच्या तळाशी उभे राहून त्यांनी हाक दिली, "आलाऽ! घ्याऽ! चारऽ!" मला मिक्सरच्या आवाजात ऐकू येईना. तेव्हा समोरच्या घरातले निवृत्त गुरुजी गॅलरीत येऊन ओरडले, "चार म्हणाल्या! चार!" काकू पुढचा आकडा सांगत, गुरुजी तो मला पोचवत. सरकारने अत्यंत गुप्त म्हणून पाठवलेला तो आकडा असा गल्लीभर फिरत माझ्यापर्यंत आला. खाते उघडले. काकूंनी गल्लीत संत्रा बर्फी वाटली. "वरच्या पोट्ट्याचं खातं उघडलं," असे त्या घरोघरी सांगत होत्या, आणि कुणी विचारले नाही की कसले. त्या दिवसापासून त्या मला 'अहो' म्हणायच्या थांबल्या. माझ्या खात्याला त्यांचा नंबर लागला, म्हणजे मी 'तू' झालो.

'सगळ्यायचा' या शब्दाचा अर्थ आठवडाभरात उलगडला. त्या खोलीत राहून गेलेल्या प्रत्येकाचे सरकारी खाते काकूंच्या नंबरावर उघडलेले होते. मिहानमधल्या एका कंपनीत कामाला असलेला आणि आता हैदराबादला गेलेला बिहारी इंजिनिअर, धंतोलीतल्या इस्पितळात परिचारिका असलेली आणि आता आखाती देशात गेलेली अकोल्याकडची मुलगी, आणखी कोण कोण. कुणाला लायसन्स हवे, कुणाला पासपोर्ट, कुणाला मुलाचा दाखला. जो तो आपापल्या गावात बसून बटण दाबी, आणि मानेवाड्यात कढीपत्त्याशेजारी फोन वाजे. पाठोपाठ त्यांचा फोन येई, "काकू, आला का?" आणि काकू आकडा लगेच सांगत नसत. "पहले ये बता, खाना खाया क्या? क्या खाया? सिर्फ खिचडी? बहू कुठं गेली?" एवढे झाल्यावर आकडा. तोवर त्याची मुदत संपलेली असे. त्यामुळे अनुभवी भाडेकरू आधी काकूंना फोन करून जेवणाचा सविस्तर तपशील देत, लग्न कधी करतोस याचे उत्तर देत, आणि मगच बटण दाबत. पुण्यामुंबईची माणसे ज्या कामाला दोन मिनिटे घेतात त्याला आमच्या कुटुंबात अर्धा तास लागे. मी 'कुटुंबात' असे लिहून गेलो. राहू द्यावे.

त्यांचा एक भाचा होता, संगणकातले समजणारा. तो आला की डोक्याला हात लावी. "मावशी, ओटीपी कोणालाही सांगू नका असं त्या मेसेजमध्येच लिहिलं असते ना!" काकू शांतपणे म्हणत, "कोणाले म्हंजे परक्याले. घरच्याले सांगाच लागते." "अन् कोणी फसवलं म्हणजे?" "फसवणारा पोट्टा काय जेवला ते सांगत नाही." पण एकदा तो हट्टाला पेटला. सगळ्यांना कळवून आपापले नंबर टाकायला लावतो म्हणाला. तो गेल्यावर काकू बराच वेळ मेथी निवडत बसल्या. यजमान जाऊन वर्षे झालेली, मूलबाळ नव्हते. मेथीकडे बघतच त्या मला म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे गा. मले समजते. पण नंबर बदलला तं मंग ते मले फोन काहून करतीन?" मी एक जुडी ओढून घेतली आणि निवडू लागलो. काकूंनी माझी निवडलेली मेथी पाहिली, दांड्यांसकट सगळीच ठेवली होती. "लायब्ररीत जा तू," त्या म्हणाल्या आणि एकदम हसल्या.

पुढे माझे लग्न झाले, आम्ही बेसा भागात घर घेतले. निघताना काकूंनी बायकोची ओटी नाही, पण लोणच्याची बरणी भरली. फाटकाशी आल्यावर सहज विचारावे तसे विचारले, "नवा पत्ता टाकशीन. नंबरही बदलशीन ना आता?" मी म्हटले, बघू, वेळ मिळाला की. "हो, घाई नको करू," त्या लगबगीने म्हणाल्या, "सर्वर लय हळू असते आजकाल." पत्ता मी बदलला. नंबर तसाच ठेवला. त्यामुळे बायकोच्या खात्याचे काम दोन मिनिटांत होई आणि माझ्या कामासाठी काकूंना फोन लावावा लागे, जेवण सांगावे लागे, बायकोने मीठ कमी टाकले की जास्त तेही सांगावे लागे.

गेल्या थंडीत काकूंना धंतोलीत दाखल केले. मी भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती आणि उशाशी फोन होता. माझ्या देखतच तो वाजला. हैदराबादचा इंजिनिअर होता. काकूंनी नळी बाजूला सारून विचारले, "खाना खाया?" तिथली सिस्टर धावत आली आणि रागावली. काकू तिला म्हणाल्या, "एक मिनिट थांब वं बाई, त्याच्या पोरीच्या शाळेचं काम आहे," आणि धापा टाकत एकेक आकडा सांगितला. तो जेवलेला नव्हता. त्याबद्दल त्याला बोलायचे राहिले, याची त्यांना दिवसभर चुटपुट होती. मी निघालो तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुह्यापाशी ठेव. इथं नेटवर्क नाही धड." तिथे नेटवर्क उत्तम होते.

काकू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या अंगणात माणसे बसली होती आणि माझ्या खिशात तो फोन वाजला. मी आत कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी गेलो. आखातातली परिचारिका होती. "काकू, भाजी-पोळी खाल्ली, डाळ होती, लग्नाचं अजून काही नाही, आता दाबू का बटण?" तिने एका दमात सांगितले. मला तिला सांगावे लागले. मग मीच म्हटले, "दाबा. मी सांगतो आकडा." ती म्हणाली, "मेसेज आला तरी लगेच नका सांगू. थोडं थांबून सांगा." आम्ही थांबलो. मुदत संपली. तिने पुन्हा बटण दाबले.

भाच्याने नंबर बंद करायच्या आधी, मला धरून सगळ्यांचा एक ग्रुप करून, कळवले. एकेकाने स्वतःचा नंबर टाकला. त्यासाठीही शेवटचा ओटीपी काकूंच्याच फोनवर येत असे, आणि मी प्रत्येकाला आधी जेवणाचे विचारत असे. मला ते काकूंसारखे जमले नाही, पण एकानेही कंटाळा केला नाही. शेवटी माझे खाते राहिले. सरकारने मला गुप्त प्रश्न विचारला, मी पाटोडी लिहिली, आणि तेही काम संपले. फोन मुका झाला. तो मी भाच्याला परत देऊन आलो.

त्यानंतर महिनाभराने, दुपारी, ग्रंथालयात माझाच फोन वाजला. परिचारिका होती. मी चटकन म्हणून गेलो, "आता तुमचा ओटीपी माझ्याकडे येत नाही हो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "काही काम नाही. असाच केला. जेवलात का?"

मी जेवलो होतो. काय जेवलो ते सांगितले, मीठ कमी होते हेही सांगितले. तिने सांगितले की हैदराबादचा इंजिनिअरही परवा तिच्याशी असाच बोलला, कामाशिवाय. फोन ठेवल्यावर मला फार वाटले, की धावत मानेवाड्याला जावे, त्या वरच्या खोलीत चढावे, आणि या वेळी वरून खाली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडून सांगावे: काकूऽ, फोन आलाऽ! नंबर बदलला तरी आलाऽ! काकूंना नीट ऐकू गेले नाही असे समजून समोरचे गुरुजी ते पुन्हा सांगतील. पण मी ग्रंथालयात होतो, आणि तिथे मोठ्याने बोलायची पद्धत नाही.