अव्वल अस्वल

नव्वद सालच्या सुमाराला मी गुजरातेत नोकरीला होतो. तिथं पर्वत पाटिया भागातल्या चहाच्या टपरीवर एक खानदेशी गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत पत्ते मांडायचे. साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांनीच ते केलेले, प्रत्येकावर एक जनावर, शिवाय राक्षसाचा वेगळा गठ्ठा. त्या गठ्ठ्यातला पत्ता उलटायचा आणि आपण सगळ्यांनी मिळून राक्षसावर आपापली जनावरं सोडायची. आपसात का नाही खेळायचं, असं मी विचारलं तर मिशीत हसले. "एकमेकले कसाले हरावानं? राक्षसले हराऊत!"

नवं जनावर काढताना त्यांची जीभ ओठांबाहेर यायची. एकदा त्यांनी झोपाळू अस्वल काढलं, सगळ्यांत कमजोर. त्याच दिवशी राक्षस जिंकत आला आणि माझ्या हातात तेवढंच उरलं. "अस्वल," मी रडवेल्या आवाजात म्हणालो. शेजारच्या गुजराती दलालाला ऐकू आलं भलतंच. "अव्वल छे! जीती गया!" तो ओरडला आणि अख्खी टपरी नाचायला लागली.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, अस्वलाकडे पाहिलं. मग कानावरची पेन्सिल काढून पत्त्यावरच्या अस्वलाच्या डोक्यावर गुपचूप मुकुट काढला.

पुढे माझी नोकरी बदलली, ते पुन्हा दिसले नाहीत. पण लेक वर्गात पहिली आली तेव्हा मी आनंदाने सगळ्या सोसायटीला ओरडून सांगितलं, "पोरगी अस्वल आली!"